काळजाची रेघ

लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढायला आलेल्या यजमानाला कोणी "नातवाची शी आज कोणत्या रंगाची झाली?" असं विचारतं का हो? आमचे डॉक्टर विचारायचे. वर्ध्यातल्या एका वकिलांच्या घरचं लग्न, गावातली सगळी मानाची माणसं पानावर बसलेली, आणि ह्यांनी भरपंगतीत हा प्रश्न टाकला. आजूबाजूच्यांचे घास तोंडाशीच थांबले. वकीलसाहेबांचा नातू बरेच दिवस काविळीनं अंथरुणाला होता, म्हणून त्यांना राग धरताही येईना. ते कानाशी वाकून हळूच म्हणाले, "पिवळी झाली, डॉक्टरसाहेब." "मग वाढा जिलबी," डॉक्टर म्हणाले आणि जेवायला लागले.

मी काही त्या पंगतीला नव्हते, ही ऐकीव गोष्ट. पण ज्यांनी डॉक्टरांना पाहिलं होतं, त्यांना ती ऐकून तिळमात्र नवल वाटलं नाही. खेड्यापाड्यांतल्या बायका त्यांना 'शीवाले डॉक्टर'च म्हणत. तोंडावरसुद्धा म्हणत. त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. म्हणायचे, "पोट बोलतं बाई. फक्त मागच्या दारानं बोलतं, म्हणून शहाणी माणसं ऐकत नाहीत."

दिसायला म्हणाल तर काडी पैलवान. अंगात गुडघ्यापर्यंतचा पांढरा कोट, पायात धुळीनं माखलेल्या चपला, आणि खालचा ओठ कायम जांभळा. नवीन आलेल्या लेकरांना वाटायचं, डॉक्टर जांभळं खाऊन आले आणि आपल्याला दिली नाहीत. खरी गोष्ट अशी, की ओली केली की जांभळी उमटते ती पेन्सिल त्यांच्या कानावर असायची आणि ते ती दर वेळी जिभेला लावायचे. ते रत्नागिरीकडचे. आमच्याकडे येऊन इतकी वर्षं झाली तरी बोलणं तिकडचंच, नाकातलं. मोठ्या माणसांची नावं त्यांना आठवत नसत. लेकराचं नाव मात्र एकदा ऐकलं की पक्कं. त्यामुळं त्यांच्या वॉर्डात कोणालाच स्वतःचं नाव नव्हतं, कोणी गोपाळची आई, कोणी सुमीचा बाप. आमचे हे आर्वीला कचेरीत हेडक्लार्क, साहेबलोक त्यांना 'मिस्टर' म्हणून हाक मारायचे. इथं आले की 'नलूचे वडील, जरा बाजूला व्हा, उजेड अडवताय' असं ऐकून घ्यायचे.

वॉर्ड म्हणजे दवाखान्याच्या मागच्या अंगाला, कडुनिंबाखाली, एक लांबट कौलारू खोली होती. दहा-बारा खाटा. सगळी लेकरं पोटाची. कोणाचं पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, कोणाचे डोळे हळदीत बुडवल्यासारखे. आर्वीहून, हिंगणघाटहून, पार जंगलाच्या कडेच्या गावांहून माणसं तिथं लेकरं घेऊन येत, कारण नुसतं लेकरांचं पोट आणि काळीज बघणारा असा दुसरा माणूस आमच्या जिल्ह्यात नव्हता. त्या काळी 'लेकराला लिव्हर झालं' असं कोणी म्हटलं की पुढचं विचारायची रीत नव्हती. बायका तोंडाला पदर लावायच्या, संपलं. माझा पहिला मुलगा लिव्हरनंच गेला होता. दोन वर्षांचासुद्धा झाला नव्हता. आणि आता नलूचे, माझ्या तीन वर्षांच्या पोरीचे, डोळे पिवळे झाले होते. पहिलं गेलं तेव्हा घरीच बसून वैद्य आणि काविळीच्या माळा केल्या. ह्या वेळी मी कोणाचं ऐकलं नाही. पोरीला खांद्यावर टाकलं, मोटर धरली आणि वर्धा गाठलं. सासूबाई म्हणाल्या, "मले सोडून कशी जातं वं?" आणि आपलं गाठोडं घेऊन मागच्या बाकावर येऊन बसल्या. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. आडमुठी बाई, पण नातीवर जीव असा की विचारू नका.

पहिल्याच सकाळी मला वॉर्डाची तऱ्हा कळली. उजाडल्यावर सगळ्या आया पळसाच्या पानात पुडी बांधून व्हरांड्यात ओळीनं उभ्या. पुडीत काय, ते तुम्ही ओळखलंच असेल. डॉक्टर एकेकीसमोर थांबायचे, पुडी उघडायला लावायचे, वाकून, चष्मा वर करून बघायचे. पांढरी फटक, खडूसारखी असली की नुसतं "हं." जराशी पिवळट झाक आली की "वा! वा! गोपाळची आई, सोनं आणलंत की आज!" आणि ती बाई खरंच सोनं मिळाल्यासारखी फुलायची. मी बी.ए.पर्यंत शिकलेल्या बापाची पोर, मला पहिल्या दिवशी शिसारी आली. पंधरवड्यात मीच दुसऱ्यांच्या पुड्यांत डोकावून "कालच्यापेक्षा बरी हाय वं तुमची" असं म्हणायला लागले.

एकदा नागपूरहून एक मोठे साहेब दवाखाना बघायला आले. सकाळची वेळ. न्हाऊनधुऊन उभ्या असलेल्या बायका, प्रत्येकीच्या हातात पळसाच्या पानाची पुडी. साहेब भाविक असावेत. त्यांनी पायरीशी बूट काढले, पुढं येऊन दोन्ही हातांची ओंजळ केली आणि म्हणाले, "केळझरच्या गणपतीचा प्रसाद का?" बायकांनी पुड्या पदराआड ओढल्या. आमचे डॉक्टर मात्र शांत. म्हणाले, "अजून तपासला नाही साहेब. तपासून देतो." मलबारकडच्या सिस्टर होत्या, त्या तोंडात रुमाल कोंबून आत पळाल्या. साहेबांना सगळं कधी कळलं, कळलं की नाही, ते मला माहीत नाही. ते पुन्हा काही आले नाहीत.

डॉक्टर जेवायचे वॉर्डातच, लेकरांच्या मधे मांडी घालून. लेकरांना जे, तेच त्यांना. बिनफोडणीचं वरण, मऊ भात, उकडलेला बटाटा, साय काढलेलं दूध, संत्र्याचा रस. तेल नाही, तूप नाही, तिखट नाही. जिभेला चव म्हणून नाही. एखादं पोट्टं तोंड फिरवायला लागलं की हे आपल्या ताटलीतला बटाटा असा मिटक्या मारत खायचे, की त्या पोट्ट्यालाच संशय यायचा, ह्यांच्या ताटलीत काही वेगळं तर नाही. मग ते ह्यांच्या ताटलीत हात घालायचं. तुपावरून मात्र आत्याबाईंचं आणि त्यांचं रोज वाजायचं. "तुपाबिगर लेकरू जगते का? तुमच्या मायनं तुमाले तूप नाई देल्लं, म्हून तुमी असे वाळून राह्यले!" आत्याबाई म्हणायच्या. डॉक्टर लेकरांचे हात हुंगत फिरायचे. नलूच्या बोटांना वास आला की आत्याबाईंचं गाठोडं उघडलं जायचं आणि तुपाची डबी जप्त.

आता रेघेचं सांगते.

'लिव्हर' हा शब्द डॉक्टरांनी वॉर्डात बंद केला होता. तो ऐकला की आयांचे हातपाय गळतात, आणि हात गळालेली आई लेकराला भरवणार काय, असं त्यांचं म्हणणं. त्यापेक्षा साधा आपला शब्द वापरावा, काळीज. खाटकाकडं जाऊन विचारा, तोसुद्धा त्याला काळीजच म्हणतो. बरोबरच होतं त्यांचं. पण आम्ही येण्याच्या आधी, सिस्टरनं सांगितलेली गोष्ट, हिंगणीच्या बाजूचा एक गोंड माणूस पोराला घेऊन आला होता. जंगलात लाकडं तोडणारा, धिप्पाड. डॉक्टरांनी पोराचं पोट तपासलं आणि गंभीर होऊन म्हणाले, "तुमच्या मुलाचं काळीज फार मोठं झालंय." त्या बापाचं तोंड हे एवढं खुललं. "हो ना जी! त्याचं काळीज पहिल्यापासूनच मोठं हाय. एवढुसा हाय, पण जंगलात एकटा जाते. वाघाले भेत नाई!" डॉक्टरांना वाटलं, बापडा धीराचा आहे. ते औषध आणायला आत वळले, आणि हा डॉक्टरांच्या पाया पडून, पोराला खांद्यावर बसवून चालता झाला. डॉक्टरानं सांगितलं, पोरगा शूर आहे. मग थांबायचं कशाला?

डॉक्टरांना हे कळलं तेव्हा ते सायकल काढून हिंगणीकडं निघाले. तिथून पुढं सायकल चालेना, तर बैलगाडीनं, मग पायी. पण जंगलातलं माणूस, कामाच्या मागं मागं पाल हलवणारं, सापडायला महिना गेला. पोराला आणलं. ते वाचलं नाही. बाप रडता रडता म्हणत होता, "तुमीच तं म्हटलं होतं जी, काळीज मोठं हाय." त्या दिवशी डॉक्टर लेकरांत जेवायला बसले नाहीत. सिस्टरला एवढंच म्हणाले, "शब्दाचा भरवसा नाही. शब्दाला दोन अर्थ असतात. रेघेला नसतात."

तेव्हापासून पेन्सिल कानावर आली. लेकराला उताणं झोपवायचं, उजव्या बरगडीखाली बोटं ठेवून काळजाची कडा कुठवर आली ते चाचपायचं, आणि तिथं पोटावर जांभळी रेघ मारायची. आईला म्हणायचं, "बघा. काळीज इथपर्यंत आलंय. ते वर बरगडीच्या आत हवं. रेघ खाली गेली तर वाईट, वर गेली तर चांगलं. कळलं?" कळायला काय, अक्षरशत्रू बाईलाही कळत होतं. आया लेकरांना पुसून काढताना तेवढी रेघ सोडून पुसायच्या. कोणी कोणी तर रेघेला हळदकुंकू लावायच्या. नुसता जुलाब झालेल्या एका पोराची आई डॉक्टरांच्या पाठीच लागली, "आमच्या पोट्ट्यालेच काऊन नाई मारत रेघ? आमी का पाप केलं?" शेवटी तिच्या समाधानासाठी त्यांनी त्याच्या तळहातावर एक मारून दिली.

नलूची रेघ खाली जात होती. दर दोन-चार दिवसांनी जुनी पुसट व्हायची आणि नवी जराशी खाली उमटायची. नलू खात नव्हती. पळसाच्या पानात खडूसारखं पांढरं. मला सगळं पाठ होतं हो, एकदा ह्या वाटेनं जाऊन आले होते मी. देवाशी भांडायची ताकदसुद्धा उरली नव्हती. आत्याबाई मात्र त्या रेघेकडं टक लावून पाहत राहायच्या.

मग ती सकाळ. डॉक्टर नलूच्या खाटेशी आले, पोटावर बोटं ठेवली आणि दचकले. पुन्हा चाचपलं. रेघ होती तिथून कडा चांगली दोन-तीन बोटं खाली. "एका दिवसात?" ते स्वतःशीच म्हणाले. असं खाटेच्या कडेवर बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. सिस्टरला म्हणाले, "नलूच्या वडिलांना तार करा. आणि जाड सुई उकळायला टाका." त्या सुईनं काळजाचा बारीक तुकडा काढून बघतात. त्यात रक्त आत सुटलं तर लेकरू हातचं जातं, हे मला शेजारच्या खाटेवरून माहीत होतं. मी त्यांच्या कोटाचं टोक धरलं.

डॉक्टर मला काही सांगायला वर बघायला गेले आणि बघतच राहिले. माझ्याकडं नाही, माझ्यामागं. खाटेच्या उशाशी आत्याबाई उभ्या होत्या, आणि आत्याबाईंचा खालचा ओठ जांभळा होता.

"आजी," डॉक्टर सावकाश म्हणाले, "जांभळं खाल्लीत?"

"या दिवसांत जांभळं कुठं भेटते?"

"मग ओठाला काय झालं?"

आत्याबाईंनी पदरानं तोंड पुसलं. पदरालाही जांभळं लागलेलं. मग त्यांनी पदर कमरेला खोचला. ही बाई भांडायला उभी राहिली की अशीच उभी राहायची.

"मारली मी रेघ. काल सुनबाई नळावर धुणं धुवायले गेलती, तुमी पेन्सिल खाटंवर इसरून गेल्ते. जुनी घासून काढली अन् वर मारली. मी पाहून राह्यली ना रोज! तुमी रेघ खाली मारता, मंग काळीज खाली येते. अजून खाली मारता, अजून खाली येते. तुमच्या हातानंच तुमी माह्या नातीचं काळीज खाली ओढून राह्यले! म्हून म्या वर मारली. रेघंवर चालते ना ते? मंग चालू दे वर. काऊन, तुमच्याच हाताले जोर हाय का?"

मला वाटलं, आता डॉक्टर आम्हाला गाठोड्यासकट बाहेर काढणार. त्यांनी चष्मा काढला, कोटाच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला. पदरानं घासलेल्या जागी वाकून पाहिलं, तर जुन्या रेघेची पुसट खूण अजून होती. काळीज तिथंच होतं. कालच्या जागी. तसूभरही हललं नव्हतं. "तार नको, सुईही राहू द्या सिस्टर," ते म्हणाले. आणि मग हसायला लागले. त्या माणसाला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. हसता हसता डोळे पुसत म्हणाले, "रेघेचेसुद्धा दोन अर्थ निघाले! विदर्भात मला कोणी सुखानं डॉक्टरकी करू देणार नाही."

त्यांच्या जागी दुसरा असता तर त्यानं आत्याबाईंना खाटेपासून दूर ठेवलं असतं. ह्यांनी त्यांचा हात धरला आणि नलूच्या पोटावर ठेवला. "आजी, आजपासून रेघ तुम्ही मारायची. पण आधी काळीज शोधायचं. बोटं आडवी ठेवा. दाबू नका, आपण त्याच्यामागं जायचं नाही. पोर श्वास आत घेते, तेव्हा ते आपणहून खाली येऊन बोटाला टेकतं. थांबायचं फक्त."

आत्याबाई थांबल्या. कधी कोणासाठी न थांबणारी बाई. नलूनं श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला. आत्याबाईंचे डोळे मोठे झाले. "अवं माय! मांजरीच्या पिल्लावानी येऊन टेकलं की हे!"

त्या दिवसापासून तुपाची डबी आत्याबाईंनी स्वतःच सिस्टरच्या हवाली केली. "त्या बिचाऱ्या काळजाले तूप पचत नाई," असं मलाच समजावून सांगायला लागल्या, जशी काही मीच चोरून देत होते. सकाळी आंघोळ करून, ओल्या केसांनी नलूपाशी बसायच्या, बोटं ठेवून डोळे मिटायच्या. डॉक्टर बाजूला उभे राहायचे. त्यांनी रेघ मारली की हे तपासायचे आणि मान हलवायचे. पुढं पुढं शेजारच्या खाटांवरच्या बायका आत्याबाईंना बोलवायला लागल्या आणि डॉक्टर काही म्हणेनात. रेघ बरेच दिवस एकाच जागी राहिली. मग एकदा केसभर वर गेली. मी म्हटलं, आत्याबाई, खरं सांगा, मुद्दाम तर नाही ना मारली वर? त्या अशा चिडल्या, की दिवसभर बोलल्या नाहीत.

आणि मग एका सकाळी आत्याबाई नलूपाशी बसल्या त्या बसल्याच. बोटं थोडी वर नेली, थोडी खाली आणली. पुन्हा वर. त्यांचा चेहरा पांढरा पडला. मग एकदम किंचाळल्या, "डॉक्टर! धावा वं कोणी! पोरीचं काळीज हरपलं! सापडत नाई, कुठीच नाई!"

मी नलूकडं झेपावले. का, ते सांगते. माझ्या बाळाचं फुगलेलं काळीजसुद्धा शेवटी असंच एकाएकी आकसून गेलं होतं. आम्हाला वाटलं, उतार पडला. मी गल्लीत साखर वाटली. आणि बाळ झोपून राहिलं, हाका मारल्या तरी उठेना, ते तसंच गेलं. हे मी डॉक्टरांना पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. आणि नलू आत्ता झोपली होती, इतक्या आरडाओरड्यातसुद्धा.

डॉक्टर धावत आले. अर्ध्या गालाला दाढीचा साबण तसाच. त्यांनी चाचपलं. एकदा, दोनदा. माझ्याकडं एकदा पाहिलं, आणि मला कळलं, त्यांनाही तेच आठवतंय. "नलू," त्यांनी हाक मारली. नलू हलली नाही. "नलू बाळ!" त्यांनी तिच्या तळपायाला जोरात चिमटा घेतला.

नलूनं त्याच पायानं त्यांच्या छातीत लाथ हाणली. डोळे उघडले, आणि सबंध वॉर्ड दणाणेल असा भोंगा पसरला, "आई वं! ह्या डॉक्टरले मार! मले झोपू नाई देत! मले भूक लागली!"

डॉक्टरांनी तिला तशीच रडती उचलली आणि खिडकीच्या उजेडात नेऊन तिची पापणी वर केली. डोळे पांढरे होते. पिवळेपणा गेला होता, आणि रोज बघून बघून आम्हाला कोणालाच तो गेलेला दिसला नव्हता. ते वळले. साबणावरून पाणी ओघळत होतं, ते डोळ्यांतलं की काय, मला माहीत नाही. मला माझंच दिसत नव्हतं.

"हरपलं नाही, आजी," ते म्हणाले. "बरगडीच्या आत त्याचं घर असतं. ते आपल्या घरी गेलं. आता तुम्हीपण घरी जा."

मी नलूला छातीशी धरून खाली बसले आणि मोठ्यानं रडले. बाळ गेलं तेव्हासुद्धा अशी रडले नव्हते. आत्याबाईंनी मात्र पोरीला माझ्याकडून काढून घेतली, खाटेवर उताणी निजवली आणि बोटं पुन्हा बरगडीखाली ठेवली.

"मोटर जाऊ द्या आजची," त्या म्हणाल्या. "मले पाहू द्या, परत येते का ते."